नव्या सुनेचं बोट

भोपळ्याच्या कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, दाखवलं तर ते कुजून गळतं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. मी शुक्रवार पेठेतली. माझे वडील गिरणीत साच्यावर कामाला होते, आणि आमच्या घरी उठणं-जेवणं सगळं भोंग्यावर चालायचं. वेलांचं सोवळं-ओवळं आमच्या गल्लीत कोण सांगणार? परड्यातल्या पत्र्यावर आईनं भोपळ्याचा एक वेल चढवलेला असे, त्याला लागलेली फळं मी लहानपणापासून बोटानं मोजत आले होते. एक, दोन, तीन. ती फळं मोठी होत, आम्ही त्यांची भाजी खात असू, आणि बोटाचा त्यात काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सोलापुरात तीस साली लागलेला मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मुलीचं चौदावं पुरं झाल्याशिवाय लग्न करायचं नाही असा कायदा नुकताच आला होता. वडिलांनी तो पाळला आणि पुढं जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवला. सासर गावाबाहेर तीन मैलांवर, मळ्यात. आज तिथं जुळे सोलापूरच्या कॉलन्या झाल्या आहेत आणि लोक स्कूटरवरून भाजी आणायला गावात जातात. तेव्हा भाजी तिथून गावात यायची.

लग्न मळ्यातच लागलं. पेठेत मांडव घालायचा म्हणजे गल्ली अडवायची, आणि मार्शल लॉनंतर चार माणसं एका जागी जमली तरी वडील दाराला कडी घालत. मळ्यात मोठी चिंच होती, तिच्याखाली ऐसपैस सावली. अडचण एकच. चिंचेवर आग्या मोहोळ लटकत होतं, आणि विहिरीच्या दगडी बांधकामात, कपारीकपारीत, सातेरी माश्यांची लहान मोहोळं होती. चुलवणाचा धूर वर जाऊन माश्या उठल्या तर अक्षता पडायच्या आधीच वऱ्हाड धूम ठोकायचं. म्हणून माझ्या सासऱ्यांनी आठ दिवस आधी कडब्याच्या चुडी पेटवून चिंचेवरचं मोहोळ जाळलं. पेटत्या चुडी दोरानं विहिरीत सोडून तिथलीही जाळली, आणि माश्या पुन्हा बसू नयेत म्हणून सगळ्या कपारी चुन्यानं लिंपून टाकल्या. कुंपणात भुंग्यांनी भोकं पाडलेली जुनी वाळकी लाकडं होती, ती चुलवणात गेली.

हे सगळं मला लग्नातच कळलं, कारण जेवणाच्या पंगतीत बायका त्याचंच कौतुक करत होत्या. "एवढं वऱ्हाड जेवलं, पर कुनाला एक माशी चावली न्हाई," असं जी-ती म्हणत होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा सासूबाईंनी वाटीभर मध माझ्यापुढं ठेवला. त्याच मोहोळांचा. मी तो बोटानं चाटूनपुसून खाल्ला, आणि असल्या घरात आपण पडलो म्हणून मला फार बरं वाटलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाई जिभेनं तिखट, पण हातानं सढळ. माझ्या ताटात पहिली भाकरी कधी आली नाही, पण तिसरीही कधी चुकली नाही. मामंजी कमी बोलायचे. पहाटे मोट धरायची, दिवसभर वेलांत वाकायचं, संध्याकाळी चिंचेखाली तंबाखू मळत बसायचं. माझे यजमान वडिलांच्याच वळणावर गेलेले. त्या दोघांत मिळून दिवसाला दहा शब्द झाले तर सण.

लग्नाची गडबड ओसरल्यावर त्यांनी विहिरीच्या पाण्यावर वेल लावले. दोडका, काकडी, आणि सगळ्यांत जास्त तांबडा भोपळा. पितृपंधरवड्यात गावात घरोघर भोपळा लागतो, तेव्हा तो बाजारात नेऊन उभा करायचा, हा मामंजींचा दरवर्षीचा बेत. घरचं वर्ष त्या भोपळ्यांवर चालायचं.

आषाढात वेलांवर फुलं आली. आधी नुसती वांझ, मग बुडाशी लिंबाएवढी गाठ असलेली. एका सकाळी मी आत्याबाईंबरोबर तण काढायला गेले आणि पानाआड ती पहिली हिरवी गाठ दिसली. मला आईच्या परड्याची अशी आठवण झाली की मी ओरडलेच, "आत्याबाई, ह्यो बघा! आन् ह्यो! आन् ह्यो बी!" आणि तिन्हींकडे सरळ बोट केलं.

आत्याबाईंनी माझ्या मनगटावर फटका मारला. "अगं ए, बोट दावतीस व्हय! वाकवून दावावं, न्हाईतर मुटीनं. गळत्याल की समदी!"

मला हसू आलं. ते मी पदरात दाबलं, पण त्यांनी ते पाहिलं. ते हसू मला पुढं फार महागात पडलं.

कारण ती फळं गळाली. तीन दिवसांत पिवळी पडली, टोकाकडून मऊ झाली आणि देठापासून सुटून मातीत पडली. मी मनात म्हटलं, तीन तर तीन. पण मग पुढची गळाली, ज्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. काकड्या एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला वाळकुंड्या, अशा वेड्यावाकड्या होऊ लागल्या. रोज सकाळी मळा पिवळ्या फुलांनी भरून जायचा, बघणाऱ्याला वाटावं काय पीक आलंय, आणि आठवड्यानं खाली नासक्या गाठींचा सडा.

मग उपाय सुरू झाले. वेलांवर आंबट ताक शिंपडलं. राख टाकली. बांधाला फाटकी चप्पल टांगली, लिंबू-मिरच्या बांधल्या. आत्याबाईंनी उतारा काढून तीन वाटांच्या तिकाटण्यावर टाकला. वस्तीवर पाच-सहा मळे होते, तिथल्या बायका बघायला येत आणि फळांकडे न बघता माझ्या हातांकडे बघत. "पायगुण" हा शब्द मी पहिल्यांदा विहिरीवर ऐकला, तोही मला पाहून थांबलेल्या वाक्यात.

माझा तेव्हा जो गोंधळ झाला तो मी आजही नीट सांगू शकत नाही. मला खरंच वाटायचं की हे माझ्यामुळं होतंय. आणि लगेच वाटायचं, मग आईच्या वेलाला का नाही झालं? तिथं तर मी वर्षानुवर्षं बोटं नाचवली. की तिथलं बोट पोरीचं होतं आणि इथलं सुनेचं? लग्न झाल्यावर बोट बदलतं का? मी मोरीत बसून माझं बोट उलटसुलट करून पाहायची. हळद अजून नखात होती, बाकी ते होतं तसंच होतं.

नागपंचमीला वडील न्यायला आले. नव्या सुनेनं पंचमीला माहेरी जायचं आणि चार-आठ दिवसांनी सासरचं माणूस येऊन परत न्यायचं, ही रीत. आत्याबाईंनी माझी लुगडी गाठोड्यात बांधली, जरा जास्तच बांधली. "ऱ्हाऊ द्या तिला चार दिस जास्ती," त्या वडिलांना म्हणाल्या. "आमी माणूस धाडू की." मामंजी तिथंच उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पंचमी झाली. नारळी पौर्णिमा झाली. पोळा झाला. माणूस आलं नाही.

पेठेत अशा गोष्टी लपत नाहीत. नळावर बायका विचारायच्या, "कवा जाणार गं?" आई सांगायची, पोरीला जरा ताप येतोय. मग सांगायला लागली, त्यांच्याकडं कामाची गडबड आहे. सुनेला कामाच्या गडबडीत माहेरी ठेवतात हे ऐकून बायका काय समजायच्या ते समजायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवऱ्यानं टाकलेली एक बाई राहायची. भावाच्या घरी ओट्यावर बसून दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. मी तिच्यासमोरून जाताना मान खाली घालायची. एक दिवस तिनंच हाक मारून म्हटलं, "ये की, बस." मी पळत घरी आले आणि खूप रडले.

गौरी आल्या आणि गेल्या. तेव्हा मात्र वडिलांनी जेवता जेवता ताट सारलं. स्वतः पोरीला नेऊन पोचवायचं म्हणजे नाक खाली करायचं, आणि ठेवून घ्यायची म्हणजे जन्माची ठेवायची. यातलं काय करावं ते त्यांना कळेना. आईला कळेना. मला तर कशाचंच काही कळत नव्हतं.

आमच्या परड्याला लागून भिंतीपलीकडे एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं. त्या घरातल्या म्हातारीला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. घरच्या मागासाठी लागणारं सूत ते घरीच रंगवत. परड्यात रंगाच्या कढया दिवसभर चुलीवर, आणि धुरानं डोळे चुरचुरायचे. मी रिकामी बसलेली पाहून अव्वा मला कांड्या भरायला बोलवायची. मी जायची, आणि जाताना दर वेळी त्या ओट्यावरच्या बाईची आठवण व्हायची.

अव्वाच्या परड्यातही भोपळ्याचा वेल होता, कोपऱ्यात, भिंतीवर चढवलेला. एका सकाळी मी लवकर गेले तर म्हातारी वेलाशी काहीतरी करत होती. तिनं एक वांझ फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या, आणि आतला पिवळा दांडा गाठवाल्या फुलाच्या पोटात हळूच घासला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. काम झाल्यावर तिनं कढईजवळ पडलेले लाल सुताचे तुटके दोरे उचलून त्या देठांना सैल बांधले.

"अव्वा, हे काय करता?"

"फळ धरतो," ती म्हणाली. तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं.

"आमच्या वेलाला तर कुणी काहीच करत नाही, तरी धरतं."

अव्वानं मला भिंतीशी नेलं आणि आमच्या परड्यात बघायला लावलं. पत्र्यावरच्या फुलात माश्या शिरत होत्या, पाठीवर पिवळी धूळ घेऊन बाहेर पडत होत्या आणि दुसऱ्या फुलात घुसत होत्या. गल्लीच्या मागं गुळाची अडत होती, तिथल्या पडक्या भिंतीत त्यांचं मोहोळ होतं. हे मी लहानपणापासून पाहत होते आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"तुमच्यात माशी येतो," अव्वा म्हणाली. "हितं धूर हाय, रंगाचा वास हाय. हितं माशी येत न्हाय. मग मीच माशी." आणि तिचे उरलेले चार दात दाखवत हसली. "दोरा कशाला म्हणशील, तर कुठला केला, कुठला ऱ्हायला, म्हातारीला याद ऱ्हात न्हाय."

मी कांडी हातात धरून उभीच राहिले. चिंच, विहीर, कडब्याच्या चुडी, चुन्यानं लिंपलेल्या कपारी. एवढं वऱ्हाड जेवलं, पर कुनाला एक माशी चावली न्हाई. वाटीभर मध. मळ्यात त्या दोन महिन्यांत एकही माशी माझ्या अंगावर बसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

खरं सांगते, आनंद झाला नाही. बोटाचा दोष नव्हता म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मोहोळं जाळली होती ती माझ्याच लग्नासाठी. मी त्या घरात आले म्हणूनच फळं गळाली, हे वस्तीवरच्या बायकांचं म्हणणं खरंच निघत होतं की! फक्त वाट दुसरी होती. मग मी दोषी का नाही? डोकं भणाणून गेलं. अव्वाकडून लाल सुताचे मूठभर तुकडे मागून घेतले, एवढं मात्र केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला भोंगा झाला तसे वडील डबा घेऊन निघाले, आणि मी गाठोडं घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले. आई दारात आली, तोंडाला पदर लावून उभी राहिली, पण तिनं अडवलं नाही. वडील झपझप पुढं चालत होते. गिरणीच्या दरवाज्याशी थांबून म्हणाले, "हे बघ, मी तुला पोचवाय आलेलो न्हाई. तू कुटं चाललीस ते मला ठावं बी न्हाई." आणि आत गेले. नाक असं शाबूत ठेवतात, ते मी त्या दिवशी शिकले.

मळ्यात पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मोटेचा कुरकुर आवाज येत होता, म्हणजे मामंजी विहिरीवर. मी गाठोडं बांधावर ठेवलं आणि थेट वेलांत शिरले. भोपळ्याची फुलं उमलली होती. पहिलं फूल सोलताना त्याचा दांडाच मोडला. मग जमलं. घासायचं, दोरा बांधायचा, पुढं. चार-पाच झाली असतील, तेवढ्यात मोटेचा आवाज थांबला.

मामंजी सरीच्या तोंडाशी उभे होते. सासऱ्यासमोर नजर वर करून बोलायची रीत नव्हती. मी पदर पुढं ओढला आणि जमिनीकडे बघत एका दमात बोलून टाकलं. "मामंजी, बोटानं न्हाई झालं. माश्या न्हाईत मळ्यात. ह्या फुलाची धूळ त्या फुलात माश्या नेत्यात. आपल्या माश्या लग्नात जाळल्या."

मला वाटलं ते चिडतील. किंवा हसतील. किंवा विचारतील, तुला कुणी सांगितलं. यातलं काही झालं नाही. ते खाली बसले, एक गळालेली गाठ उचलून बोटांत चिरडली, आणि म्हणाले, "ठावं हाय मला."

मी वर पाहिलं.

"माजा बाप म्हनायचा, हिरीतल्या माश्यांला हात लावू नगंस, येल रुसत्यात. पयली गाठ गळाली तवाच मला कळलं."

पहिली गाठ गळाली तेव्हा मी याच मळ्यात होते. आत्याबाईंनी उतारा काढला तेव्हा मामंजी शेजारी उभे होते. माझं गाठोडं बांधलं तेव्हाही. मी विचारणार होते, मग बोलला का नाहीत? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तेवढ्यात आत्याबाई घरातून बाहेर आल्या, मला वेलांत पाहिलं आणि त्यांचा आवाज चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला. "अगं बया! बोट दावून भागलं न्हाई म्हून आता फुलंच खुडाय आलीस व्हय? कुनी आनली हिला?"

"मी बोलावलंय," मामंजी म्हणाले. "मी सांगितलंय तिला फुलं खुडाय."

दोन्ही वाक्यं साफ खोटी. ती माझ्यासाठी बोलली होती आणि त्यांनीच मी वाचले. आत्याबाई पुटपुटत घरात वळल्या. मी पाटाशी जाऊन घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा कामाला लागले. मला त्या माणसाच्या पाया पडावं की त्याच्या अंगावर ओरडावं, हे कळत नव्हतं.

पितृपंधरवडा हातचा गेलाच होता. पण मी रोज पहाटे फुलं घासत राहिले, मामंजीही माझ्या पलीकडच्या सरीत वाकून घासत, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. लाल दोऱ्याच्या गाठी धरल्या. बिनदोऱ्याच्या गळत राहिल्या. लिंबाची मुठीएवढी झाली, मुठीची नारळाएवढी. आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसावं की कपाळावर हात मारावा कळत नाही. आत्याबाईंनी दोरे पाहिले आणि ते अव्वाकडून आणलेत हे माझ्याकडून काढून घेतलं. तेलुगू म्हातारीनं मंतरून दिलेला दोरा आहे, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं, आणि दुपारपर्यंत ते वस्तीवर झालं. बायका दोरा मागायला आल्या. मी सांगत होते, "दोऱ्यात काही न्हाई, फूल घासावं लागतं." त्या म्हणायच्या, "व्हय व्हय, पर दोरा दे." त्यांनी आपापल्या मळ्यातल्या एकेका काकडीला लाल दोरे बांधले. काकड्या दोऱ्यांसकट गळाल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं की मी दोरे द्यायच्या आधी त्यातला मंत्र काढून घेतला.

त्यांच्याही मळ्यांत माश्या नव्हत्या, कारण चिंचेवरच्या आणि विहिरीतल्या माश्याच तर सगळ्या वस्तीला पुरत असत.

दिवाळीनंतर एक दिवस मामंजींनी पाच-सहा मळ्यांतल्या माणसांना चिंचेखाली बसवलं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी सांगितलं ते असं: विहिरीतली मोहोळं साती आसरांची असतात. आसरा पाण्यात राहतात, माश्या त्यांची राखण करतात. आपल्या हातून त्या जळाल्या, आसरा कोपल्या, म्हणून सगळ्या वस्तीची फळं गेली. इथून पुढं मोहोळ कुणी जाळायचं नाही. मध घ्यायचा तर वरचा मधाचा भाग कापून घ्यायचा, अंड्या-पिल्लांचा तसाच सोडायचा. चुलवण झाडापासून लांब करायचं. कुंपणातली वाळकी लाकडं भुंग्यांसाठी राहू द्यायची, तेही आसरांचेच. विहिरीभोवती तुळस लावायची.

तुळशीचं ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. "आपल्या हातून" म्हणाले ते, लक्षात घ्या. कुणाच्या हातून, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच विचारलं नाही. देवींवर घातलं की माणसाला विचारता येत नाही. आत्याबाईंनी तर दोन्हींची सांगड घातली. त्या म्हणू लागल्या, "आसरा कोपल्या हुत्या, तवाच पोरीला बोट दावायची बुद्धी झाली." यावर काय बोलणार!

पण त्यांनी म्हटलेलं केलं, हेही सांगायला हवं. कमरेला दोर बांधून ते स्वतः विहिरीत उतरले. दोर माझ्या यजमानांच्या हातात. छिन्नी-हातोडीनं एकेका कपारीतला चुना त्यांनी फोडून काढला. आठवडा लागला. खरवडलेल्या हातांनी संध्याकाळी भाकरी मोडताना त्यांची बोटं वळत नसत. पहिलं वर्ष कपारी रिकाम्याच राहिल्या आणि आम्ही सगळ्यांनी फुलं हातानं घासली, वस्तीवरच्या बायकांनीही, अखेर. दुसऱ्या वर्षी विहिरीतून गुणगुण ऐकू आली. वस्तीनं आसरांना नारळ फोडला. माणसं मामंजींना मान द्यायला लागली, मोहोळ कुठं बसलं, कुठून हलवायचं, सगळं त्यांना विचारून. वस्तीवर पुढं कितीतरी लग्नं झाली, पण कुणी मोहोळाला चूड लावली नाही.

आणि दरवर्षी मी पंचमीला माहेरी जायची.

पहिल्याच वर्षी, म्हणजे त्या प्रकारानंतरच्या पंचमीला, सण होऊन दुसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच गल्लीत बैलगाडी उभी राहिली. मामंजी. सुनेला न्यायला दीर येतो, गडी येतो, फार तर नवरा येतो. सासरा स्वतः येतो हे पेठेनं पाहिलं नव्हतं. आईची धांदल उडाली, चहाला घरात साखर नव्हती. ते ओट्यावर बसले, गूळ घातलेला चहा प्यायले, आणि मला घेऊन निघाले. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नळावरच्या बायका चेष्टा करायला लागल्या, "तुजा सासरा आला बग, तुज्याबिगर भाकर गोड लागत न्हाई त्याला." आईला धन्य वाटायचं. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. ही माफी होती का? असेल तर ती तोंडानं मागायला काय झालं होतं? आणि नसेल तर हा माणूस सगळी कामं टाकून तीन मैल गाडी का जुंपतो? दरवर्षी गाडीत बसताना मी ठरवायची की आज विचारायचं, आणि दरवर्षी न विचारता उतरायची.

असं बारा-तेरा वर्षं चाललं. शेवटच्या वर्षी त्यांना दमा फार होता. आत्याबाई म्हणत होत्या, पोराला धाडा. त्यांनी ऐकलं नाही. कासरा हातात धरवत नव्हता, म्हणून माझ्या थोरल्या मुलाला पुढं बसवलं आणि स्वतः मागं माझ्यासमोर, टेकून बसले. गिरणीच्या अंगावरून गाडी पुढं निघाली. चाकांच्या खडखडाटातही त्यांच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

"पोरी," ते म्हणाले, "त्या साली माणूस धाडाय पायजे हुता मी."

"व्हय," मी म्हणाले.

आणखी काहीतरी म्हणावं, राहू द्या म्हणावं, नाहीतर सगळं भडाभडा बोलून टाकावं, म्हणून मी शब्द शोधत राहिले. तेवढ्यात मळा आला.